विद्यापीठ कोणासाठी? मुंबई विद्यापीठ आणि डॉ. बाबासाहेबांचा आराखडा

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत विद्यापीठावर लेख कशाला, असं वाचक बंधू-भगिनींपैकी कोणीतरी नक्की विचारील. विचारावंच. पण आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आणखी एक फोटो असतो. अंगात काळा झगा, हातात पदवीचं भेंडोळं, मागे फोटोवाल्याचा निळा पडदा. मुलाचा असतो, मुलीचा असतो, कधी सुनेचा असतो. तो झगा ज्या विद्यापीठाचा, ते विद्यापीठ कसं असावं याचा बारकाईनं विचार बाबासाहेबांनी इथं परळमध्ये राहून केला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. महाड आपल्याला तोंडपाठ आहे. गोलमेज परिषद, पुणे करार, दीक्षाभूमी पाठ आहेत. विद्यापीठाच्या कायद्यावरची भाषणं कोण वाचतो?

हल्ली प्रत्येक विद्यापीठाला स्वतःची 'वेगळी ओळख' हवी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. कुठं नवी महाविद्यालयं लागतील, कोणते अभ्यासक्रम हवेत, हे त्यात मांडायचं असतं. त्याच्या जोडीला व्हिजन आणि मिशन येतं, बोधचिन्ह येतं, मूल्यांकनाची श्रेणी येते. शब्द नवे आहेत, प्रश्न मात्र शंभर वर्षांचा जुना आहे आणि तो पहिल्यांदा गंभीरपणे विचारला गेला तो मुंबईतच.

विद्यापीठ म्हटलं की आपल्या सभांतले वक्ते नालंदेपासून सुरुवात करतात. हरकत नाही. ह्युएन त्संग हजारो मैल चालत नालंदेला आला तो शीलभद्रांसारख्या आचार्यांपाशी शिकायला. गावांचं उत्पन्न महाविहाराला लावून दिलेलं होतं, त्यातून भिक्षूंचं अन्नवस्त्र भागे आणि त्यांना विद्येकडे लक्ष देता येई. दाराशीच कठीण प्रश्न विचारले जात आणि बरेच जण तिथूनच परत फिरत, हेही ह्युएन त्संगनंच लिहून ठेवलं आहे. ते आपले वक्ते सहसा सांगत नाहीत! पण एक खरं, की नालंदेचं नाव झालं ते तिथं राहून शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांमुळे.

मुंबई विद्यापीठाचा जन्म याच्या अगदी उलट रीतीनं झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं स्थापन झाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. नमुना लंडन विद्यापीठाचा, आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी संस्था. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं प्रश्नपत्रिका काढायची, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची. सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा सगळा इलाखा या एका विद्यापीठाच्या पदराखाली. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इतकी मोठी माणसं पहिल्याच तुकडीत निघाल्यावर यंत्रणेत काही कमी आहे असं कोणाला वाटणार? पुढं प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, १८७८ साली तो पुरा झाला. मैदानापलीकडून मान वर करून पाहावी अशी इमारत विद्यापीठाला मिळाली. पण शिकवणारा एक मास्तर नव्हता.

विद्यापीठानं स्वतः शिकवायला सुरुवात केली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला, पाठोपाठ अर्थशास्त्राचा. १९२४ साली डॉ. गो. स. घुर्ये समाजशास्त्राचे प्रमुख झाले आणि पुढं जातिसंस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथानं या विभागाचं नाव देशभर झालं. जातीचा अभ्यास विद्यापीठात सुरू झाला, ही चांगलीच गोष्ट. पण ज्यांच्या पाठीवर ती जात होती, ते विद्यापीठाच्या कारभारात कुठंच नव्हते.

१९२४ हे साल आपण ध्यानात ठेवायला हवं. बाबासाहेब लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले होते. राहायला परळच्या पोयबावडीतली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्ये. आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे. त्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात शिरता येत नव्हतं, कारण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळाचा वाटे. पगार तर त्याच खात्यात बरा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेनं सोलापूरला वसतिगृह काढलं, मुंबईत वाचनालय काढलं, हॉकीचा क्लबसुद्धा काढला.

या सभेचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. हेच सर चिमणलाल तेव्हा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि विद्यापीठाची फेररचना कशी करावी हे ठरवण्यासाठी जी सुधारणा समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष तेच. समितीनं ठिकठिकाणच्या जाणकारांना प्रश्नावली पाठवली. तेहतीस वर्षांच्या बॅरिस्टर आंबेडकरांनी तिला सविस्तर लेखी उत्तर दिलं.

ते उत्तर आज वाचताना पहिल्यांदा आश्चर्य वाटतं ते त्यात काय नाही याचं. जागा, सवलत, शिष्यवृत्ती या मागण्यांनी ते सुरू होत नाही. सुरुवात होते विद्यापीठीय शिक्षण म्हणजे काय इथून. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं, की विद्यापीठातलं शिकवणं जाणत्या वयाच्या माणसाला शोभेल असं, शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावं. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतःची बुद्धी जागी करावी. मोठमोठ्या ग्रंथकारांना चिकित्सेनं वाचायची, जमेल तिथं मूळ साधनांपर्यंत जायची सवय त्याला लागावी आणि सत्यापर्यंत पोहोचणं किती अवघड आणि किती मोलाचं आहे ते त्याला कळावं. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाकडून हे होणार नाही.

मग करायचं काय? इथं त्यांच्या विचारातला कणखरपणा दिसतो. त्या वेळी एक सोपा मार्ग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कॉलेजं आहेत तशी ठेवायची आणि वर विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग बांधायचे. तिथं नामवंत प्राध्यापक, संशोधन, ग्रंथालय, आणि खाली कॉलेजांत बी.ए.चा रगाडा. बाबासाहेबांनी याला विरोध केला. पदव्युत्तर आणि पदवीपूर्व शिक्षणाची अशी फारकत केली, तर शिकवणं आणि संशोधन यांची फारकत होते आणि त्यात दोन्हींचं नुकसान होतं, असं त्यांनी लिहिलं. त्याऐवजी कॉलेजं आणि विद्यापीठ यांनी एकजीव व्हावं, कॉलेजांचे अध्यापक हेच विद्यापीठाचे अध्यापक असावेत, असा त्यांचा आग्रह होता.

माझ्या मते या एका मुद्द्यात सगळी ग्यानबाची मेख आहे. एम.ए.पर्यंत कोण पोहोचणार? ज्याच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत तो. गिरणी कामगाराचा मुलगा फार तर बी.ए.च्या वर्गात येऊन बसणार आणि तिथूनच नोकरीला लागणार. उत्तम प्राध्यापक सगळे वरच्या मजल्यावर नेऊन बसवले, तर या मुलाच्या वाट्याला काय येणार? बाबासाहेबांनी हे जातीच्या भाषेत मांडलं नाही, शिक्षणशास्त्राच्या भाषेत मांडलं. परंतु एल्फिन्स्टनमध्ये शिकलेला आणि सिडनहॅममध्ये शिकवलेला हा माणूस परळच्या चाळीतून ते लिहीत होता, हे विसरून ते वाचता येत नाही.

समितीच्या कामातून पुढं विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आलं ते १९२७ साली. तोवर बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात नामनियुक्त सभासद झाले होते. त्या सालाची आठवण आपल्याला वेगळ्या कारणानं आहे. मार्चमध्ये चवदार तळं, डिसेंबरमध्ये मनुस्मृतिदहन. या दोन्हींच्या मध्ये, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत, बाबासाहेब कौन्सिलात विद्यापीठाच्या बिलावर बोलत होते. पाण्याचा हक्क आणि सिनेटमधली जागा हे त्यांना दोन वेगळे विषय वाटले नसावेत.

या भाषणांचा सूर १९२४ च्या निवेदनापेक्षा निराळा आहे. आता प्रश्न असा, की विद्यापीठ चालवायचं कोणी? ज्यांच्यापाशी बुद्धी आहे पण पैसा नाही किंवा दुसरी काही अडचण आड येते, त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाची सोय करणं हे विद्यापीठाचं मुख्य काम, असं त्यांनी ठासून सांगितलं. विद्या गरजवंताच्या दारापर्यंत गेली पाहिजे. आणि ज्यांनी हे काम करायचं त्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांचे प्रतिनिधी नसतील, तर त्यांची गरज तिथं सांगणार कोण? एक वेळ बाकीचे ऐहिक लाभ सोडू, पण उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. प्राथमिक शाळा द्या म्हणजे आमचं भागलं, असं म्हणणारे हितचिंतक तेव्हाही होते. बाबासाहेबांना त्यांचं कधी पटलं नाही.

१९२८ साली नवा कायदा झाला. सिनेट मोठी झाली, अभ्यासाच्या बाबी पाहण्यासाठी अकॅडमिक कौन्सिल आली. कॉलेजं आणि विद्यापीठ एकजीव मात्र झाली नाहीत.

त्यानंतर पाच वर्षांनी मुंबई विद्यापीठानं एक काम केलं, ते मोकळेपणानं वाखाणायला पाहिजे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, तोच यू.डी.सी.टी. आरंभी दोनच शाखा, कापडाचं रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी. या शहराचा धंदा कापडाचा, गिरण्यांना रंग आणि रसायनं जाणणारी माणसं हवीत, मग विद्यापीठानं ती तयार करावी. शहराकडे पाहून केलेला असा नेमका विचार या विद्यापीठाच्या इतिहासात क्वचितच दिसतो. १९३८ साली प्रा. के. वेंकटरामन तिथले पहिले भारतीय संचालक झाले. आधी हा विभाग फोर्टात रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होता, १९४३ साली माटुंग्याला स्वतःच्या इमारतीत आला. दादर-नायगावची पोरं त्या फाटकासमोरून रोज जात. या विभागाचं नाव जगभर झालं आणि २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तो मुंबई विद्यापीठातून वेगळा झाला. आपल्या विद्यापीठाची सर्वांत ठळक ओळख अशी विद्यापीठाच्या बाहेर गेली, यावर फारसं कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

इकडं बाबासाहेबांनी काय केलं? विद्यापीठ आपल्या म्हणण्याप्रमाणे बदलेल म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. १९३५ साली ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. जागा कुठली, तर मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकी. युद्ध नुकतंच संपलेलं, बराकी रिकाम्या पडलेल्या. नंतर कॉलेज हॉर्नबी रोडवर आलं आणि तिथल्या इमारती आनंद भवन आणि बुद्ध भवन या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. धम्मदीक्षेला अजून दहा वर्षं होती, तेव्हा कॉलेजला 'सिद्धार्थ' हे नाव दिलं गेलं.

सिद्धार्थ कॉलेज हे मुंबई विद्यापीठाला संलग्न असलेलं एक कॉलेज. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीही त्याचीच. मग त्याची वेगळी ओळख झाली कशी? एक तर वेळेनं. वर्ग सकाळी भरत. पोस्टातला, रेल्वेतला, सेक्रेटरिएटमधला कारकून सकाळी तास करून साडेदहाला कचेरीत हजर होऊ शके. ज्या माणसाला नोकरी सोडून शिकणं शक्य नव्हतं, त्याच्यासाठी घड्याळ पुढं-मागं केलं, एवढीच ती युक्ती. पैसा फार लागला नाही, पण आधी कोणाला सुचलं नव्हतं. लोकलच्या पहिल्या गाड्या धरून डब्याची पिशवी बगलेत मारून निघालेली ती माणसं पाहिलेले वृद्ध उपासक आपल्या वस्त्यांतून अगदी अलीकडेपर्यंत होते.

दुसरं, माणसांनी. प्राचार्य म्हणून बाबासाहेबांनी आणले ते एल्फिन्स्टनचे निवृत्त प्राचार्य, संस्कृतचे गाढे पंडित अ. बा. गजेंद्रगडकर. ज्या संस्कृतचे दरवाजे शाळेत असताना बाबासाहेबांना बंद होते, त्या संस्कृतचा पंडित त्यांनी आपल्या कॉलेजचा प्रमुख केला. प्राध्यापक सगळ्या जातींचे, विद्यार्थीही सगळ्या जातींचे. हे अस्पृश्यांसाठी काढलेलं वेगळं कॉलेज नव्हतं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण बाहेरचे आणि आपलेही लोक त्याला तसंच समजतात. कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे. कायदे कसे होतात, विरोधी पक्षात बसून बोलावं कसं, हे मुलं तिथं शिकत. १९२४ च्या निवेदनातलं विद्यापीठ बाबासाहेबांना मिळालं नाही, तेव्हा त्यातलं जेवढं एका कॉलेजात मावेल तेवढं त्यांनी तिथं मावून घेतलं. १९५० साली औरंगाबादला त्यांनी मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतंच. ते १९५८ साली आलं.

मुंबई विद्यापीठाची रचना पुढं बदलत गेली. १९४७ ते १९५० च्या दरम्यान सिंध, पुणे, बडोदा, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं निघाली. १९५३ च्या कायद्यानं मुंबई हे बृहन्मुंबईपुरतं संघात्मक, अध्यापन करणारं विद्यापीठ ठरलं. बाबासाहेबांच्या एकोणतीस वर्षांपूर्वीच्या कल्पनेच्या इतक्या जवळ कायदा पूर्वी कधी आला नव्हता. पण ते फार टिकलं नाही. १९७४ च्या कायद्यानं कोकणातले जिल्हे पुन्हा जोडले गेले, कॉलेजांची संख्या शेकड्यांत गेली आणि विद्यापीठ परत परीक्षांच्या गाड्याला जुंपलं गेलं.

त्याचा कळस झाला २०१७ साली. लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला गेला. जुलैअखेरची मुदत टळली, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढच्या प्रवेशाला मुकण्याची पाळी मुलांवर आली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या चार महिन्यांत मुंबई विद्यापीठाची देशभर जी ओळख झाली, ती कोणत्याही आराखड्यात लिहिलेली नव्हती. ज्याच्या बापाचे दोन बंगले आहेत त्या मुलाचं एक वर्ष गेलं तर तो परदेशी जातो. आपल्याकडच्या मुलाचं वर्ष गेलं की तो कुरिअरच्या नोकरीला लागतो आणि पुष्कळदा तिथंच राहतो.

नावाचा विषय निघाला की मराठवाड्याची आठवण यायचीच. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे जळितकांड झालं, घरं गेली, माणसं गेली, त्यावर या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. विद्यापीठाची ओळख हा कागदी विषय नाही, हे आपल्याइतकं किंमत मोजून कोणी शिकलं नसेल. तरी एक बोलून टाकतो. नाव मिळवण्यासाठी आपण सोळा वर्षं झुंजलो. त्या नावाच्या माणसानं विद्यापीठाविषयी लिहिलेलं वाचायला सोळा दिवस काढले का?

२०१९ साली मुंबईत एक नवा प्रयोग झाला. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही चार सरकारी महाविद्यालयं एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन करण्यात आलं. बाबासाहेब ज्यात शिकले ते कॉलेज आणि ज्यात त्यांनी शिकवलं ते कॉलेज एकाच छताखाली आलं. कॉलेजांनी मिळून विद्यापीठ व्हावं ही कल्पना १९२४ ची, पण उद्घाटनाच्या भाषणबाजीत तिचा उल्लेख कोणी केला असल्यास माझ्या वाचनात नाही.

आता सिनेटविषयी, कारण १९२७ ची मागणी तिथं येऊन पोहोचते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या दहा जागा आहेत. त्यांतल्या पाच राखीव आहेत, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. मुंबईत ही निवडणूक बराच काळ लांबत गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि अखेर २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झालं. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर लाखोंनी आहेत. मतदार म्हणून नोंदलेले होते काही हजार. नुसती पदवी असून भागत नाही, नाव नोंदवावं लागतं, अर्ज भरावा लागतो, हेच पुष्कळांना माहीत नसतं. भिंतीवरच्या त्या काळ्या झग्यातल्या फोटोखाली बसून आम्ही परळ-नायगावच्या काही पदवीधरांना विचारलं, तर एकाचंही नाव यादीत नव्हतं.

१९२४ चं निवेदन आणि १९२७ ची भाषणं महाराष्ट्र शासनानं १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आहेत. वसंत मून यांनी संपादित केलेला हा खंड आपल्या विहाराच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर आहे. इंग्रजी जड वाटलं तर रविवारी सकाळी वंदनेनंतर चार जण मिळून बसा, एक वाचील आणि बाकीचे विचारतील. किल्ली चिटणीसांकडे मिळते.